नागपुरातून मोटरस्पोर्ट इंजिनिअर व्हायचं तर

नागपुरात रेस ट्रॅक नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे, कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे. आपल्याकडे रिंग रोड आहे आणि रात्री अकरानंतर त्यावर बाइक पिळणारी पोरं आहेत. त्याला मोटरस्पोर्ट म्हणत नाहीत, आणि कुठल्या टीमपुढे अनुभव म्हणून ते सांगायला गेलात तर दार तिथंच बंद होईल.

ट्रॅक नसल्याचं दुःख मात्र फार करू नका. ड्रायव्हर व्हायचं असतं तर अडचण मोठी होती. कार्टिंग लहानपणीच सुरू करावं लागतं आणि त्यात पैसा पाण्यासारखा जातो. इंजिनिअरचं बहुतेक काम ट्रॅकच्या बाहेर होतं: रेसच्या आधीचे कितीतरी आठवडे वर्कशॉपमध्ये आणि रेसनंतरच्या रात्री लॅपटॉपसमोर. ते शिकायला हिंगणा एमआयडीसीतलं एखादं वर्कशॉप, एक बरा लॅपटॉप आणि मोजून लिहून ठेवायची सवय पुरते. माणसं निवडणारे शेवटी हेच तपासतात: तुम्ही काय बदललं, त्याने काय झालं, आणि ते तुम्हाला कसं कळलं.

आधी काम समजून घ्या

सराव संपवून ड्रायव्हर पिटमध्ये येतो आणि म्हणतो, "गाडी मागून सुटतेय." इंजिनिअरचा पहिला प्रश्न असतो, नेमकी कुठे? वळणात शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना अॅक्सिलरेटर दाबल्यावर? मग डेटा उघडायचा. ब्रेकचं प्रेशर, स्टीअरिंगचा कोन, चारही चाकांचा वेग, थ्रॉटल. शिरताना सुटत असेल तर कदाचित मागच्या ब्रेकवर जास्त जोर पडतोय. बाहेर पडताना सुटत असेल तर मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून बसवलेली दांडी) कडक असेल किंवा टायरमध्ये हवा जास्त झाली असेल. पुढचं सत्र वीस मिनिटांवर आलेलं असतं. एकच बदल करायचा, वहीत लिहायचा, गाडी सोडायची. दोन बदल एकदम केले तर कुठल्याने फरक पडला ते कधीच कळत नाही.

हे झालं रेस इंजिनिअरचं काम. रेडिओवर ज्याचा आवाज ऐकू येतो तो हा. पण एका रेस इंजिनिअरच्या मागे बरीच माणसं असतात: डेटा इंजिनिअर, परफॉर्मन्स इंजिनिअर, डिझाइन करणारे, ताकदीची गणितं करणारे, हवेच्या प्रवाहाचं सिम्युलेशन करणारे, वायरिंग आणि कंट्रोल युनिट सांभाळणारे, इंजिन डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चालवणारे, टायरचा हिशेब ठेवणारे, रणनीती ठरवणारे. पहिली नोकरी यातल्याच एखाद्या कोपऱ्यात मिळते. फॉर्म्युला वनमधला सगळ्यात नावाजलेला डिझायनर एड्रियन न्यूई साउदॅम्प्टनला एरोनॉटिक्स शिकला होता. २०२५ मध्ये हास टीमने लॉरा म्युलरला रेस इंजिनिअर केलं. फॉर्म्युला वनमध्ये हे पद पूर्णवेळ सांभाळणारी ती पहिली स्त्री. मुलींच्या आईवडिलांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

शाळा आणि शाखा

यावर फार वेळ घालवत नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित पक्कं हवं. व्हीएनआयटीसाठी जेईई मेन, बाकीच्या बहुतेक कॉलेजांसाठी एमएचटी-सीईटी. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणारी मुलं टीममध्ये अनेकदा जास्त उपयोगी पडतात, कारण लेथवर उभं राहायला ती घाबरत नाहीत. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा ट्रेडही कमी लेखू नका. रेस टीममध्ये चांगल्या मेकॅनिकला जो मान असतो तो नवख्या इंजिनिअरला मिळायला वर्षं जातात.

शाखा मेकॅनिकलच हवी असं आता राहिलेलं नाही. २०२६ पासून फॉर्म्युला वनच्या गाडीची जवळपास निम्मी ताकद विजेवर आली. इलेक्ट्रिक मोटर १२० किलोवॉटवरून ३५० किलोवॉटवर गेली. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर यांतली मुलं आज टीमना शोधूनही सापडत नाहीत. मेकॅनिकलवाले मात्र रांगेत उभे असतात.

कॉलेज बघताना वर्कशॉप बघा

नागपुरात कॉलेजांना तोटा नाही. बजाजनगरकडे व्हीएनआयटी, काटोल रोडला रामदेवबाबा, हिंगण्याकडे यशवंतराव चव्हाण आणि रायसोनी, शिवाय इतर कितीतरी. प्रवेशाच्या वेळी सगळे कटऑफ आणि प्लेसमेंटचे आकडे बघतात. तेही बघा. पण तुमचं ध्येय हे असेल तर एक दिवस काढा, दुपारच्या वेळी कॉलेजात जा आणि बाजा किंवा फॉर्म्युला (विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवायच्या दोन स्पर्धा, पुढे सांगतो) टीमची गाडी कुठे उभी असते ते विचारा.

गाडी प्रवेशद्वाराजवळ काचेआड सजवून ठेवलेली असेल तर थोडी शंका घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये, अर्धी उघडलेली, आजूबाजूला तेलकट कपडे आणि चहाचे कप असतील तर चांगलं लक्षण. तिथल्या मुलांशी बोला. विचारा:

वर्कशॉपची चावी कुणाकडे असते आणि संध्याकाळी सहानंतर काम करू देतात का?
गेल्या स्पर्धेत गाडी एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीत, धावली का, की तांत्रिक तपासणीतच अडकली?
पहिल्या वर्षाच्या मुलांना घेतात का, की झाडू मारायला आणि प्रायोजक शोधायलाच पाठवतात?
मागच्या बॅचने लिहून ठेवलेले रिपोर्ट आहेत का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "सिनियर पास झाले, त्यांच्यासोबत सगळं गेलं" असं आलं, तर त्या टीममध्ये दरवर्षी शून्यापासून सुरुवात होते हे समजून जा. तरी तिथे जायला हरकत नाही. नोंदी ठेवणारे पहिले तुम्ही व्हा. आणि टीमच नसेल तर? पाच-सहा जण जमवून टीम उभी करणं दोन वर्षांचं काम आहे, पण पुढे कुठल्याही मुलाखतीत त्याची किंमत मिळते.

बाजा की फॉर्म्युला

बाजा एसएई इंडिया ही स्पर्धा २००७ पासून भरते. तिचं माहेर इंदूरजवळच्या पिथमपूरचं नॅट्रॅक्स हे वाहन चाचणी केंद्र, म्हणजे आपल्यासाठी रात्रभराच्या प्रवासावर. एक माणूस बसेल अशी, खड्ड्याचिखलातून जाणारी गाडी बनवायची. पेट्रोल गटात अनेक वर्षं सगळ्यांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एकच दहा अश्वशक्तीचं इंजिन असायचं. इंजिन सारखं असलं की फरक पडतो तो वजनाने, गिअरबॉक्सने आणि सस्पेन्शनने. पाइप कापणं, वाकवणं, जोडणं आणि तुटल्यावर रात्रीत पुन्हा जोडणं बाजा शिकवते.

फॉर्म्युला स्टुडंटचा प्रकार वेगळा. मूळ अमेरिकेतला, १९८१ पासूनचा. आपल्याकडे फॉर्म्युला भारत ही स्पर्धा कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर होते. पेट्रोल गटात इंजिन ७१० सीसीपर्यंत चालतं, पण त्याला जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून न्यावी लागते. त्यामुळे नुसतं मोठं इंजिन बसवून काही साधत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच टीम केटीएम ३९० चं ३७३ सीसी इंजिन घेतात. हलकं, स्वस्त आणि सुटे भाग कुठेही मिळणारं. इलेक्ट्रिक गटात ८० किलोवॉटची मर्यादा असते.

धावण्याआधी तपासणी असते. गाडी ६० अंशांत तिरपी करतात. ती उलटता कामा नये आणि तेल-पेट्रोलचा थेंब गळता कामा नये. ब्रेकच्या चाचणीत चारही चाकं लॉक झाली पाहिजेत. वर्षभर मेहनत करून इथेच अडकलेल्या टीम दरवर्षी दिसतात, आणि कारण बहुधा क्षुल्लक असतं: कुठे लॉकनट नाही, कुठे नळी घासतेय.

गुण एकूण १०००. त्यातले सव्वातीनशेच्या आसपास गुण गाडी न चालवता मिळतात: डिझाइन, खर्चाचा हिशेब आणि व्यवसायाची मांडणी. सगळ्यात जास्त गुण एन्ड्युरन्सला, साधारण २२ किलोमीटर, मध्ये ड्रायव्हर बदलून. ती पूर्ण न करणाऱ्या गाड्यांची संख्या अनेकदा पूर्ण करणाऱ्यांपेक्षा मोठी असते. म्हणून पहिल्या गाडीत कार्बन फायबरचे पंख लावायचा मोह टाळा. साधी गाडी बनवा, ती स्पर्धेच्या दोन महिने आधी तयार ठेवा आणि कॉलेजच्या मोकळ्या मैदानात परवानगी घेऊन, प्लास्टिकचे शंकू लावून, रोज चालवा. जे तुटायचं ते इथेच तुटू द्या.

डिझाइनच्या परीक्षेत परीक्षक एकच शब्द पुन्हापुन्हा वापरतात: का? कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) उणे दीड अंश का? "मागच्या वर्षी तेवढाच होता" हे उत्तर दिलंत की संपलं. "टायरचा डेटा पाहून तीन आकडे निवडले, तिन्ही मैदानावर चालवले, टायरचं तापमान आत, मध्ये आणि बाहेर मोजलं आणि दीडला ते सगळ्यात समान आलं," असं सांगणारा मुलगा परीक्षकांच्या लक्षात राहतो. त्या परीक्षकांत कंपन्यांत काम करणारे इंजिनिअर असतात, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं बाजा, पुढची दोन फॉर्म्युला, शक्य असेल तर इलेक्ट्रिक. दोन्ही नसेल तर जे आहे ते.

मोजायला शिका, आजपासून

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

टायरपासून सुरुवात करा. दोनेकशे ते पाचशे रुपयांचा डिजिटल गेज घ्या. डिसेंबरच्या पहाटे, १२ अंशांत, टायरमध्ये ३० पीएसआय हवा भरली आणि तोच टायर मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांत मोजला तर किती येईल? हवा गळली नाही असं धरा. गेजवरच्या आकड्यात वातावरणाचा दाब, म्हणजे १४.७, मिळवा, तापमान केल्विनमध्ये घ्या, २८५ आणि ३१८. ४४.७ गुणिले ३१८ भागिले २८५ म्हणजे साधारण ४९.९. त्यातून १४.७ वजा केले की ३५. पाच पीएसआयचा फरक, एकही किलोमीटर न चालता. रेसमध्ये अर्ध्या पीएसआयवर वाद होतात. नागपूरचं ऊन इथे फुकटची प्रयोगशाळा आहे. हेच गणित हवेच्या घनतेला लावा: १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांत हवा नऊ-दहा टक्के विरळ होते, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद आणि पंखांचा गाडीला खाली दाबणारा जोर दोन्ही जवळपास त्याच प्रमाणात घटतात.

दुसरा प्रयोग फोनवर. फायफॉक्स नावाचं मोफत अॅप फोनमधल्या सेन्सरची आकडेवारी नोंदवतं. फोन घट्ट बसवा, बाबांना गाडी चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा. ब्रेक लागल्यावर किती जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) येतो, वळणावर किती येतो ते आलेखावर पाहा. आलेख खूप थरथरणारा येईल. तो गुळगुळीत कसा करायचा हे शोधताना फिल्टर म्हणजे काय ते आपोआप शिकाल.

तिसरा, टीमच्या गाडीवर. चार घरगुती वजनकाटे आणा, १५० किलोपर्यंत मोजणारे. ड्रायव्हरसकट गाडी ३०० किलोच्या आसपास असेल तर प्रत्येक चाकावर पाऊणशे किलो येतात, काटे आरामात पेलतात. जागा सपाट करण्यासाठी गवंडी मिस्त्री पाण्याच्या पारदर्शक नळीने लेव्हल काढतात तशी काढा आणि काट्यांखाली पत्र्याचे तुकडे सारा. मग ड्रायव्हर बसवून चारही आकडे लिहा. पुढचं उजवं आणि मागचं डावं यांची बेरीज एकूण वजनाच्या निम्म्याजवळ यायला हवी. येत नसेल तर एका बाजूच्या वळणात गाडी एक वागेल आणि दुसऱ्या बाजूच्या वळणात दुसरं. स्प्रिंगच्या बैठकीचा नट फिरवून ते जुळवा. लाखोंच्या यंत्राशिवाय होणारं हे खरं रेसचं काम आहे.

त्यासोबत कागदावर एक हिशेब. ३०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १.२ मीटर, वळणात दीड जी. आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती वजन जाईल? ३०० गुणिले १.५ गुणिले ०.३ भागिले १.२, म्हणजे साधारण ११२ किलो. सरळ उभ्या गाडीत एका बाजूच्या दोन चाकांवर १५० असतात. वळणात आतल्या बाजूला उरतात जेमतेम ३८. ही बेरीज-वजाबाकी डोक्यात बसली की गाडी खाली का ठेवायची, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

चौथं, डेटा. अॅसेटो कोर्सा या रेसिंग गेमचा टेलिमेट्री डेटा (गाडीच्या सेन्सरची नोंद) मोटेकच्या आय-टू सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतो. ते सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं आणि जगभरच्या बऱ्याच टीम तेच वापरतात. एका लॅपमध्ये ब्रेक दहा मीटर उशिरा लावा, दुसऱ्यात लवकर; दोन्ही आलेख एकावर एक ठेवा आणि वेळ कुठे गेला ते शोधा. पायथन येत असेल तर फास्टएफवन ही मोफत लायब्ररी खऱ्या फॉर्म्युला वनच्या लॅपचा वेग, थ्रॉटल, ब्रेक आणि गिअर देते. एका रेसमध्ये टायर किती लॅपनंतर मंदावले यावर दोन पानांचा रिपोर्ट लिहा. दोनच पानं. वीस पानं कुणी वाचत नाही.

हात काळे करा

कॉलेजच्या वर्कशॉपच्या तासाला जॉब पूर्ण केला म्हणजे काम येतं असं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन किंवा मशीनिंगच्या वर्कशॉपमध्ये महिनाभर जा. पगार मागू नका, जेवणाचा डबा घेऊन जा. आर्गन वेल्डिंग करणाऱ्याच्या शेजारी उभं राहिलं की ड्रॉइंगवर आपण किती अशक्य जोड काढतो ते लगेच दिसतं. जिथे टॉर्च शिरत नाही तिथे जोड कसा येणार? टर्नरला विचारा, कुठलं टॉलरन्स लिहिलं की त्याचा भाव दुप्पट होतो. इतवारीच्या लोहाओळीत फिरून बोल्टचे प्रकार बघा. बोल्टच्या डोक्यावरचे ८.८ आणि १०.९ हे आकडे काय सांगतात, नायलॉक नट पुन्हापुन्हा का वापरू नये, टॉर्क रेंचने आवळल्यावर पेनाने रेघ का ओढतात, हे तिथून परत येईपर्यंत माहीत असायला हवं.

वायरिंग हा दुसरा हातखंडा. रेसच्या गाड्या बंद पडतात तेव्हा इंजिनापेक्षा सैल कनेक्टर जास्त वेळा दोषी असतो. सोल्डरिंगपेक्षा क्रिम्पिंग का बरं, कॅन बस म्हणजे काय, मल्टिमीटरने तुटलेली वायर कशी शोधायची, एवढं ज्याला येतं त्याला कुठलीही टीम उपाशी ठेवत नाही.

ट्रॅकवर पोचायचं कसं

भारतात मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय ही राष्ट्रीय संघटना बघते. रेसचा हंगाम साधारण पावसाळ्यापासून दिवाळीच्या पुढेमागे असतो, आणि चारचाकींच्या बहुतेक रेस चेन्नई-कोइंबतूरकडे. इथे नागपूरचा फायदा होतो. दिल्ली-चेन्नई मुख्य मार्ग आपल्या स्टेशनवरून जातो. जीटी (ग्रँड ट्रंक एक्सप्रेस) पकडली की चेन्नई, आणि केरळकडे जाणाऱ्या गाड्यांनी कोइंबतूर. तुमचा प्रवास सोपा आहे.

पहिल्यांदा प्रेक्षक म्हणून जाऊ नका, मार्शल (ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारा) किंवा स्वयंसेवक म्हणून जा. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबसारखे जुने क्लब रेस भरवतात आणि त्यांना माणसं लागतात. झेंडे, नियम, तांत्रिक तपासणी, पिटमधली शिस्त, सगळं आतून दिसतं. जेवणाच्या सुट्टीत टीमच्या लोकांशी दोन शब्द बोलता येतात. गाडी उघडलेली असताना मात्र बोलायला जाऊ नका. त्या वेळी कुणाचंही लक्ष नसतं आणि तुमचं नाव त्रासदायक म्हणून लक्षात राहतं.

एफआयए या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेची भारतीय एफ-फोर (फॉर्म्युला फोर) मालिका २०२३ पासून सुरू आहे, तिच्यासोबत इंडियन रेसिंग लीग. शिवाय राष्ट्रीय स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षं उतरणाऱ्या खासगी टीम आहेत. त्यांना रेसच्या दिवसांपुरती जास्तीची माणसं हवी असतात. सुरुवातीचं काम टायर ढकलणं, प्रेशर लिहिणं, पेट्रोल मोजणं असंच असेल. करा. दुसऱ्या फेरीला तुम्हाला फोन आला तर समजा परीक्षा पास झालात.

आणि दुचाकी विसरू नका. चारचाकीच्या झगमगाटात आपली पोरं हे दारच बघत नाहीत. भारतीय कंपन्यांची खरी ताकद दुचाकीत आहे. होसूरची टीव्हीएस रेसिंग स्वतः रेसच्या बाइक बनवते. हीरो मोटोस्पोर्ट्स २०१७ पासून डकार रॅलीत आहे; २०२४ मध्ये त्यांचा रॉस ब्रांच डकारला दुसरा आला आणि त्याच वर्षी रॅली-रेडचा, म्हणजे डकारसारख्या लांब पल्ल्याच्या रॅलींचा, जगज्जेता झाला. फॉर्म्युला ई या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मालिकेत महिंद्रा पहिल्या हंगामापासून, म्हणजे २०१४ पासून आहे. तिचं काम इंग्लंडमधल्या बॅनबरीतून चालतं. महिंद्राच्या हिंगण्याच्या ट्रॅक्टर कारखान्यात नोकरी लागली म्हणून तिथे बदली मिळेल असं नाही, हेही सांगून ठेवतो.

अर्ज

"ऑटोमोबाइलचं प्रचंड वेड आहे" हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. काढून टाका. "सस्पेन्शन विभागात काम केलं" हेही पुरेसं नाही. त्याऐवजी असं लिहा: "मागचं अपराइट (चाक आणि सस्पेन्शन जोडणारा भाग) नव्याने डिझाइन केलं, वजन एवढ्यावरून एवढ्यावर आणलं, ताकदीची गणितं या भारांसाठी केली, मैदानावर इतके किलोमीटर चालवल्यावर तडा तपासला." जिथे फसलं तेही लिहा आणि कारण कसं शोधलं ते सांगा. मोठ्या टीमना असे उमेदवार आवडतात, कारण बिघाड लपवणारा माणूस रेसमध्ये धोकादायक असतो.

एक पानाचा बायोडेटा आणि आठ-दहा पानांचा पोर्टफोलिओ पुरे. प्रत्येक पानावर एक काम: फोटो, आलेख, दोन ओळींचा निष्कर्ष. गाडीसमोर हात बांधून उभा राहिलेला ग्रुप फोटो नको. मेल इंग्रजीतून, पाच-सहा वाक्यांचा, त्या टीमच्या गेल्या हंगामाबद्दल एक नेमकी गोष्ट घेऊन. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करून द्या. मग सोडा, पुढच्या हंगामाआधी पुन्हा लिहा.

परदेश, आणि त्याचा हिशेब

फॉर्म्युला वनच्या बहुतेक टीम इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डशायर आणि नॉर्थॅम्प्टनशायरच्या आसपास एकवटल्या आहेत. क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्ड ब्रूक्स इथले मोटरस्पोर्टचे मास्टर्स अभ्यासक्रम नावाजलेले आहेत. इटलीत बोलोन्या-मोडेनाच्या परिसरात विद्यापीठांनी आणि फेरारी, डुकाटी, दलारा अशा कंपन्यांनी मिळून म्युनर हा उपक्रम चालवला आहे. तिथली फी इंग्लंडच्या मानाने बरीच कमी.

इंग्लंडमधलं एक वर्ष फी आणि राहण्यासकट चाळीस लाखांच्या आसपास किंवा वर जातं. कर्ज काढण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, शिष्यवृत्ती. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. क्रॅनफिल्ड प्रामुख्याने पदव्युत्तर शिक्षण देतं, त्यामुळे नेहमीच्या क्रमवारीच्या यादीत ते नावच सापडत नाही. मोटरस्पोर्टसाठी उत्तम आणि शिष्यवृत्तीसाठी अपात्र, असा पेच पडू शकतो. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात ओळ न् ओळ वाचा. दुसरी, व्हिसा. शिक्षणानंतर राहण्याची मुदत सरकारं बदलत राहतात. नंतर नोकरीसाठी प्रायोजक लागतो, आणि कुठल्या कंपन्यांना तो परवाना आहे त्यांची यादी ब्रिटिश सरकार जाहीर करतं. टीमचं नाव त्या यादीत बघूनच अर्ज करा.

माझा सल्ला: बारावीनंतर किंवा पदवीनंतर लगेच जाऊ नका. दोन वर्षं इथे काम करा, एखादा हंगाम पिटमध्ये काढा, मग जा. वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा तुम्हाला प्रश्न जास्त पडतील, आणि मास्टर्सचे पैसे तिथेच वसूल होतात.

घरी विचारतील, "यात पोट भरते का?"

खरं उत्तर द्या. भारतात नुसत्या रेसिंगवर बारा महिने पगार मिळणाऱ्या जागा थोड्या आहेत, आणि सुरुवातीला आयटीतल्या मित्रापेक्षा कमी मिळेल. बरेच इंजिनिअर आठवडाभर कंपनीत आणि रेसच्या दिवशी टीमसोबत असं करतात. पण वर सांगितलेलं सगळं शिकलेल्या माणसाला पुण्यात चाकणचे कारखाने, एआरएआयसारखी चाचणी संस्था, पिथमपूरचं नॅट्रॅक्स आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या नव्या कंपन्या उघड्या असतात. व्हेइकल डायनॅमिक्स, बॅटरी, टेस्टिंग या विभागांत फॉर्म्युला स्टुडंटचा अनुभव असलेल्या मुलाला वेगळं विचारतात. घरच्यांना दोन वर्षांची मुदत मागा आणि ती पाळा.

आता हे वाचत असाल तो महिना जून-जुलैचा असेल तर कॉलेजच्या टीमची भरती याच दिवसांत असते, त्यांना गाठा. ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये एका रेसला मार्शल म्हणून जायचं बघा. जानेवारीच्या आसपास विद्यार्थ्यांच्या स्पर्धा असतात. टीममध्ये नसलात तरी पिथमपूर किंवा कोइंबतूरला जाऊन दोन दिवस गाड्या बघा, वही घेऊन. एप्रिल-मेमध्ये एमआयडीसीतलं वर्कशॉप. आणि टायरचा गेज आजच आणा.